सूर्यानुगामी सौर पटलावरील प्रकाशसंवेदक : योजना आणि मर्यादा

सूर्याच्या दैनिक गतीबरोबर ज्याचा कल बदलत जातो, अशा सौर पटलास सूर्यानुगामी पटल असे म्हणतात. ह्या पटलास सूर्याची दिशा कळावयाची कशी, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. पटलावर एखादा प्रकाशसंवेदक बसवावा, तो ज्या बाजूस अधिक उजेड दाखवील त्या बाजूस मोटरीने पटल वळवावे, म्हणजे कार्यभाग साधला, असे उत्तर बहुधा दिले जाते. पदव्युत्तर वर्गांच्या प्रकल्पांतही हीच रचना वारंवार आढळते. प्रयोगशाळेतील दिव्यासमोर ती उत्तम चालते. उघड्या आकाशाखाली मात्र तिचे वर्तन अनेकदा गोंधळात टाकणारे असते.

हा संवेदक कसा घडवावा व कसा बसवावा, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहेच. परंतु त्याबरोबरच त्याच्याकडून कोणत्या प्रश्नाचे उत्तर मागावयाचे, ह्याचाही निर्णय होणे आवश्यक आहे. सूर्य कोठे आहे हे गणित सांगू शकते. सूर्याचा सरळ प्रकाश ह्या घटकेस पटलापर्यंत पोचतो आहे की नाही, हे मात्र गणितास कळत नाही. संवेदकाचे खरे प्रयोजन ह्या दुसऱ्या प्रश्नात आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

सूर्यामागे यंत्र फिरवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबई उच्च न्यायालयात अधिकारी असलेल्या विल्यम ॲडम्स ह्याने सपाट आरशांच्या साहाय्याने बाष्पक तापवण्याचे प्रयोग मुंबईत केले आणि १८७८ साली त्यांवर ‘सोलर हीट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या रचनेत आरशांची चौकट सूर्याबरोबर सरकवण्याचे काम माणसाचे होते. म्हणजे मनुष्याचा डोळा हाच तेथील संवेदक होता. ढग आल्यावर सूर्याचा शोध घेत चौकट इकडेतिकडे हलवू नये, हे त्या माणसास सांगावे लागत नसे. आजच्या नियंत्रकास नेमके तेच शिकवावे लागते.

१. किती अचूकता हवी?

सपाट पटलावर पडणारा सरळ प्रकाश हा पटलाचा लंब आणि सूर्यकिरण ह्यांमधील कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात असतो. लहान कोनांसाठी कोज्या फार सावकाश कमी होते, ही गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण तिचा व्यावहारिक अर्थ क्वचितच लक्षात घेतला जातो. पटल सूर्यापासून १° चुकले तर सरळ प्रकाशाची हानी सुमारे ०.०१५ टक्के होते; २° चुकल्यास ०.०६ टक्के, ५° चुकल्यास ०.४ टक्के, १०° चुकल्यास १.५ टक्के आणि ३०° चुकल्यास १३.४ टक्के. म्हणजे पाच अंशांपर्यंतची चूक सपाट पटलाच्या बाबतीत जवळजवळ नगण्य आहे.

ह्यावरून आणखी एक निष्कर्ष निघतो. सूर्य तासास सुमारे १५° सरकतो. पटल सतत न हलवता दर २० मिनिटांनी ५° पुढे नेले, आणि प्रत्येक वेळी ते सूर्याच्या अडीच अंश पुढे ठेवले, तर चूक +२.५° ते −२.५° ह्या मर्यादेत राहते व सरासरी हानी अवघी ०.०३ टक्के भरते. तासातून तीनदा मोटर चालवणे पुरेसे असताना ती दर मिनिटास चालवणारा नियंत्रक केवळ दंतचक्रांची झीज करतो.

आरशांनी किंवा भिंगांनी प्रकाश एकवटणाऱ्या रचनांची गोष्ट वेगळी आहे. सूर्याच्या बिंबाचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश असतो, आणि तीव्र संकेंद्रण करणाऱ्या रचनेत अर्ध्या अंशाच्या चुकीनेही प्रतिमा लक्ष्यावरून सरकते. तेथे सूक्ष्म संवेदक अपरिहार्य आहे. तेव्हा संवेदकाची निवड करण्यापूर्वी आपले पटल ह्या दोहोंपैकी कोणत्या जातीचे आहे हे ठरवले पाहिजे. पुढील विवेचन मुख्यतः सपाट पटलांना, आणि त्यांतही दक्षिणोत्तर आडव्या आसाभोवती फिरणाऱ्या पटलांना, उद्देशून आहे.

२. तुल्य संवेदकाची रचना

दिशा दाखवणाऱ्या संवेदकात दोन घट असतात व त्यांच्या प्रवाहांची तुलना केली जाते. ह्याच्या दोन रचना प्रचलित आहेत.

पहिल्या रचनेत दोन घट घराच्या छपराप्रमाणे, पटलाच्या प्रतलाशी प्रत्येकी ४५° चा कोन करून, पाठीला पाठ लावून बसवलेले असतात. पटलाचा लंब सूर्यापासून ‘थ’ कोनाने ढळला असेल, तर एका घटावरील प्रकाश (४५° − थ) च्या कोज्येच्या, व दुसऱ्यावरील (४५° + थ) च्या कोज्येच्या प्रमाणात राहतो. दोन घटांची वाचने ‘क’ आणि ‘ख’ मानल्यास

(क − ख) ÷ (क + ख) = स्पर्शज्या थ

हे सूत्र मिळते. त्यात प्रकाशाची तीव्रता येत नाही, हा ह्या रचनेचा मोठा गुण आहे. केवळ फरक मोजणारा नियंत्रक सकाळच्या मंद उन्हात सुस्त आणि दुपारच्या प्रखर उन्हात अतिचंचल होतो. फरकास बेरजेने भागल्यास हा दोष नाहीसा होतो.

दुसऱ्या रचनेत दोन घट पटलाच्या प्रतलातच ठेवून त्यांमध्ये एक उभा पडदा बसवतात. पडद्याची उंची ५० मिलिमीटर आणि प्रत्येक घटाची रुंदी १० मिलिमीटर असेल, तर १° विचलनास पडद्याची छाया ०.८७ मिलिमीटर सरकते, म्हणजे एका घटाचा सुमारे ९ टक्के भाग झाकला जातो. छपरासारख्या रचनेत तेवढ्याच विचलनास फरक व बेरीज ह्यांचे गुणोत्तर १.७ टक्केच भरते. पडद्याच्या रचनेत ते सुमारे ४.५ टक्के होते. पडद्याची रचना अधिक सूक्ष्म आहे खरी, परंतु ११.३° विचलनास एक घट पूर्णपणे झाकला जातो आणि त्यापुढे कोन किती आहे हे कळत नाही, केवळ बाजू कळते.

दोन घट तंतोतंत सारखे मिळत नाहीत. छपरासारख्या रचनेत त्यांच्या संवेदनशीलतेत २ टक्क्यांचा फरक असल्यास समतोलाचा बिंदू सुमारे ०.६° ढळतो, १० टक्क्यांचा फरक असल्यास २.९° ढळतो. हा दोष मोठा वाटतो. पण मागील प्रकरणातील हिशोबाने २.९° ची हानी ०.१३ टक्के एवढीच होते. महागड्या, जुळवून निवडलेल्या घटांचा आग्रह सपाट पटलासाठी धरण्याचे कारण नाही.

३. घटाची निवड

सेलेनियमची विद्युत्संवाहकता प्रकाशाने बदलते, हे विलोबी स्मिथ ह्याने १८७३ साली प्रसिद्ध केले. प्रकाशसंवेदकांचा इतिहास तेथून सुरू होतो. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हल्ली बहुधा कॅड्मियम सल्फाइडचे प्रकाशरोधक वापरलेले दिसतात. ते स्वस्त आहेत, परंतु त्यांचे वाचन प्रकाशाच्या प्रमाणात बदलत नाही. एकाच जातीच्या दोन नगांत मोठा फरक असतो. आणि थोड्या वेळापूर्वी ते अंधारात होते की उजेडात, ह्यावरही त्यांचे तात्कालिक वाचन अवलंबून राहते. प्रखर उन्हात त्यांचा रोध इतका उतरतो की दोन बाजूंमधील फरक मोजणे कठीण जाते.

सिलिकॉनचा लहान घट ह्या कामास अधिक योग्य होय. त्याचा लघुमंडल प्रवाह प्रकाशाच्या तीव्रतेच्या सम प्रमाणात असतो. विद्युत्-दाब मात्र तीव्रतेच्या लॉगॅरिथमच्या प्रमाणात बदलतो. म्हणून घटाचा दाब न मोजता प्रवाह मोजावा. चौरस मीटरला १००० वॉट प्रारण असता एक चौरस सेंटिमीटरचा घट सुमारे ३० ते ४० मिलिअँपिअर प्रवाह देतो. त्याच्या टोकांस २ ओहमचा स्थिर रोध जोडल्यास ६० ते ८० मिलिव्होल्ट दाब मिळतो आणि घट लघुमंडल स्थितीच्या अगदी निकट राहतो. तापमानाने हा प्रवाह अंशामागे सुमारे ०.०५ टक्केच वाढतो. दोन्ही घट एकाच धातूच्या ठोकळ्यावर बसवल्यास हा परिणाम तुलनेत रद्द होतो. शिवाय पटलही बहुधा सिलिकॉनचेच असल्यामुळे संवेदक आणि पटल वर्णपटाच्या एकाच भागास प्रतिसाद देतात.

४. जागा आणि बसवणी

संवेदक पटलाबरोबर फिरणाऱ्या चौकटीवर असावा. रांगेच्या टोकास, आसाच्या नळीजवळ, आणि पटलाच्या काठापासून निदान १० सेंटिमीटर दूर ही जागा सोयीची ठरते. कारण ५० मिलिमीटर उंचीच्या पडद्याची छाया ६०° विचलनास सुमारे ८७ मिलिमीटर लांब होते, आणि ती पटलातील घटांवर पडता कामा नये. पटलातील घट एकसर जोडलेले असतात, त्यामुळे एका घटावरील छाया सबंध मालिकेचा प्रवाह रोखते.

पेटी ॲल्युमिनियमची, वर सपाट काच असलेली आणि पाण्यापासून सुरक्षित असावी. आतील बाष्प बाहेर पडण्यासाठी पेटीच्या पाठीस मध्यभागी एक बारीक छिद्र ठेवावे. कडेस ठेवल्यास पटलाचा कल उलटताच ते वरच्या बाजूस येते. तारेस आसाजवळ सैल वळसा द्यावा, म्हणजे रोजच्या फिरण्याने ती तुटणार नाही. दोन्ही घटांवर सारखी धूळ बसल्यास समतोल बिघडत नाही. एकाच घटावर पडलेली पक्ष्याची विष्ठा मात्र बिघडवते. म्हणून पटल पुसताना संवेदकाची काचही पुसण्याचा नियम ठेवावा.

पडदा किंवा छपराचे आढे आसाशी समांतर असले पाहिजे. ही अट दिसते त्याहून महत्त्वाची आहे. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५° उत्तर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास तेथे मध्यान्ही सूर्य खमध्यापासून ४२° दक्षिणेस असतो. दक्षिणोत्तर आसाचे पटल हे अंतर भरून काढू शकत नाही; तेवढे ऊन आसाच्या दिशेने तिरपेच पडते. पडदा आसाशी ३° वाकडा असेल तर ह्या तिरपेपणाचा काही अंश आडव्या विचलनासारखा भासतो, आणि समतोल सुमारे २.७° ढळतो. २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य खमध्याच्या उत्तरेस ५° असतो; तेव्हा तीच चूक उलट दिशेने पाव अंशाएवढी होते. ऋतूबरोबर बदलणाऱ्या अशा चुकीचे कारण नियंत्रकाच्या गणितात शोधत बसणे व्यर्थ होय. ते कंसाच्या दोन स्क्रूंत असते.

बसवणी तपासण्यास जुने साधन पुरेसे आहे. पटल प्रथम पाणसळीने आडवे करावे. त्याच्या प्रतलास लंब असा १० सेंटिमीटर उंचीचा शंकू बसवून त्याच्या तळातून आसाशी समांतर रेषा आखावी. पटल बरोबर वळले असता शंकूची छाया त्या रेषेवरच पडते. १° विचलनास छायेचे टोक रेषेपासून १.७५ मिलिमीटर दूर जाते. निरभ्र दिवशी पटल स्थिर ठेवून, सूर्य त्यावरून जात असता, दर काही मिनिटांनी छायेचे विचलन आणि संवेदकाचे गुणोत्तर ही दोन्ही वाचने नोंदवावीत व त्यांचा आलेख काढावा. आलेख शून्यातून जात नसेल तर एका घटाच्या वाचनास योग्य स्थिरांकाने गुणावे. कंस वाकवून दुरुस्ती करू नये, कारण तशी दुरुस्ती टिकत नाही.

५. आकाशातील इतर प्रकाश

आतापर्यंत आपण सूर्यबिंबाचाच विचार केला. प्रत्यक्षात सबंध आकाश आणि सभोवतालच्या वस्तू प्रकाश देत असतात. तुल्य संवेदक सूर्य शोधत नाही. दोन बाजूंचा उजेड सारखा होईल अशी दिशा तो शोधतो. निरभ्र दिवशी ह्या दोन गोष्टी एकच असतात, इतर वेळी नसतात.

एक साधा हिशोब पाहू. छपरासारख्या संवेदकाच्या एका घटावर चुन्याने रंगवलेल्या कठड्याचा किंवा पत्र्याच्या टाकीचा परावर्तित प्रकाश चौरस मीटरला ५० वॉट अधिक पडतो असे समजा. सूर्याचा सरळ प्रकाश ८०० वॉट असेल तर समतोल २.५° ढळतो, आणि त्याची फिकीर करण्याचे कारण नाही. परंतु पातळ ढगांमुळे सरळ प्रकाश १०० वॉटवर आला, आणि कठड्याचा प्रकाश तसाच राहिला, तर समतोल जवळजवळ २१° ढळतो. संवेदकात कोणताही बिघाड झालेला नसतो. ज्या चिन्हावर तो विसंबून होता ते चिन्हच क्षीण झालेले असते. विस्कळीत ढगांच्या दिवशी उजळ कडांमागे पटल वारंवार वळते, आणि ऊन परतते तेव्हा ते भलतीकडेच तोंड करून असते.

आणखी दोन अडचणी नोंदवल्या पाहिजेत. संध्याकाळी पश्चिमेस ६०° कललेले पटल रात्रभर तसेच राहिले, तर सकाळी सूर्य त्याच्या पाठीशी असतो आणि संवेदकास तो दिसतच नाही. दुसरे असे की रांगांमधील अंतर ४ मीटर आणि पटलाची रुंदी २ मीटर असल्यास, सूर्यानुगमनाचा कोन ६०° च्या पलीकडे जाताच पुढील रांगेची छाया मागील रांगेवर पडू लागते. तेथे पटल सूर्यापासून किंचित मागे वळवणे हिताचे असते. सूर्याकडेच पाहणारा संवेदक नेमके उलट करावयास सांगतो.

दोन आसांवर, दिगंश आणि उन्नतांश अशा रीतीने फिरणाऱ्या पटलांस आपल्या प्रदेशात एक विशेष अडचण येते. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे सूर्य येथे वर्षातून दोनदा खमध्यावर येतो. पुण्यात मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस. सूर्य खमध्यापासून १° अंतरावरून जात असता त्याचा दिगंश मिनिटास १३ ते १४ अंश बदलतो. संवेदकाच्या आज्ञेने दिगंशाची मोटर अशा वेळी धावू लागते. परंतु त्या ठिकाणी दिगंशातील २०° ची चूक म्हणजे प्रत्यक्ष दिशेतील सुमारे ०.३५° ची चूक होय. ती सोडून द्यावी, अशी तरतूद नियंत्रकात असली पाहिजे.

६. गणिताचे काम

ह्या सर्व अडचणींत सूर्याची दिशा गणिताने काढणे हाच सरळ मार्ग आहे. सूर्याची क्रांती, स्थळाचा अक्षांश आणि होराकोन ह्यांवरून दक्षिणोत्तर आसाच्या पटलाचा कोन काढता येतो. होराकोनाच्या ज्येस क्रांतीच्या कोज्येने गुणावे व त्या गुणाकारास सूर्याच्या उन्नतांशाच्या ज्येने भागावे. येणारा भागाकार ही पटलाच्या कोनाची स्पर्शज्या होय. साध्या सूक्ष्मनियंत्रकास हे गणित सहज जमते.

ह्यात एकच सावधगिरी हवी, ती काळाची. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशाची आहे. पुण्याचा रेखांश सुमारे ७३.९° आहे. त्यामुळे पुण्याची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३५ मिनिटे मागे असते, आणि कालसमीकरणामुळे त्यात ऋतूनुसार बदल होतो. फेब्रुवारीच्या मध्यास एकूण अंतर सुमारे ४९ मिनिटे, तर नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १८ मिनिटे असते. प्रमाणवेळच सूर्यवेळ मानून चालणाऱ्या नियंत्रकाची चूक फेब्रुवारीत १२° होते व सुमारे २.३ टक्के प्रकाश वाया जातो. ही चूक दाखवून देण्यास मात्र संवेदक उत्तम आहे: निरभ्र दिवशी गणिताची दिशा आणि संवेदकाची दिशा ह्यांत कायम अंतर दिसू लागले, तर घड्याळ, दंतचक्र किंवा संवेदकाची काच ह्यांपैकी काहीतरी तपासावयास हवे.

७. पावसाळी आकाश आणि संवेदकाचे खरे कार्य

पावसाळ्यात मात्र गणितही अपुरे पडते. जुलैच्या मध्यास पुण्यात सूर्यवेळेनुसार सकाळी ८ वाजता, म्हणजे घड्याळात सुमारे ८ वाजून ४० मिनिटांनी, गणित पटलास पूर्वेकडे ५५° कलण्यास सांगते. आकाश पूर्ण झाकोळलेले असेल तर प्रकाश एका दिशेने येत नाही, सबंध आकाशगोलातून येतो. आकाश सर्वत्र सारखे उजळ मानले तर ५५° कललेल्या पटलास आडव्या पटलाच्या ७८ टक्केच विसरित प्रकाश मिळतो. जमिनीवरून परतणारा प्रकाश धरून ८३ टक्के होतात. प्रत्यक्षात दाट ढगांचे आकाश क्षितिजापेक्षा खमध्याशी सुमारे तिप्पट उजळ असते. तेव्हा हानी ह्याहून अधिकच. अशा वेळी सूर्याचा पाठलाग न करता पटल आडवे ठेवणे हेच योग्य. दुपारी ते तसेही जवळजवळ आडवे असते, म्हणून हा लाभ मुख्यतः सकाळसंध्याकाळचा आहे. पण उत्पादन मुळातच अल्प असलेल्या दिवसांत तो उपेक्षणीय नाही.

मग पटल आडवे करावयाचे केव्हा? वरील वेळेसाठी हिशोब केल्यास असे दिसते की आडव्या पृष्ठावर पडणाऱ्या एकूण प्रारणात सरळ प्रकाशाचा वाटा १८ टक्क्यांहून अधिक असेल तर कललेले पटल लाभदायक ठरते, कमी असेल तर आडवे. हा वाटा मोजण्यास महाग उपकरण लागत नाही. एक सिलिकॉन घट कायम आडवा बसवावा व त्याचे वाचन वातावरणाबाहेरील आडव्या प्रारणाशी ताडून पाहावे. चौरस मीटरला १३६१ वॉट हा सौर स्थिरांक आणि सूर्याचा उन्नतांश ह्यांवरून ते बाह्य प्रारण काढता येते. वरील वेळी ते सुमारे ७३५ वॉट भरते. ह्या गुणोत्तरास निर्मलता गुणांक म्हणतात. लिऊ आणि जॉर्डन ह्यांनी १९६० साली, आणि पुढे एर्ब्स, क्लाइन व डफी ह्यांनी १९८२ साली, ह्या गुणांकाचा विसरित प्रकाशाच्या वाट्याशी संबंध जोडला. १९८२ च्या सूत्राप्रमाणे विसरित वाटा ८२ टक्के असतो तेव्हा गुणांक सुमारे ०.४१ असतो, म्हणजे वरील वेळी आडव्या घटाचे वाचन ३०० वॉटच्या आसपास.

ह्यावरून नियंत्रकासाठी पुढील योजना सुचते. पटलाचा कोन नेहमी गणितानेच ठरवावा. निर्मलता गुणांक ०.३५ च्या खाली सलग १५ मिनिटे राहिल्यास पटल आडवे करावे, आणि तो ०.४५ च्या वर ५ मिनिटे टिकल्यास पुन्हा सूर्यानुगमन सुरू करावे. ह्या दोन अंकांतील अंतरामुळे पटल विनाकारण मागेपुढे होत नाही. फिरत्या प्रतलात एक दुसरा घट ठेवल्यास निर्णयाचा ताळा मिळतो: पटल कललेले असता त्याचे वाचन आडव्या घटाहून कमी असेल, तर कल हानिकारक आहे हे उघड होय. तुल्य संवेदकाची दुरुस्ती सरळ प्रकाश प्रखर व स्थिर असतानाच, आणि तीही दोनतीन अंशांपुरतीच, मान्य करावी. रांगांची परस्परांवरील छाया, रात्री पटल परत आणणे आणि सोसाट्याच्या वाऱ्यात ते सुरक्षित स्थितीत नेणे, ह्या बाबतींत संवेदकाचे मत विचारातच घेऊ नये.

८. अभ्यासास वाव

वरील सूत्र मुख्यतः अमेरिकेतील स्थानकांच्या ताशी नोंदींवर बसवलेले आहे. सह्याद्रीच्या कुशीतील जुलै महिन्याचे आकाश त्याच नियमाने वागते असे गृहीत धरणे युक्त नाही. पाच मिनिटांच्या वाचनांस तर ते सूत्र जसेच्या तसे लावताही येणार नाही. हा अंक येथेच मोजून ठरवला पाहिजे. भारतातील सौर प्रारणाच्या पद्धतशीर मापनाचे जाळे १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात उभे राहिले. त्या कार्यात अग्रणी असलेल्या ॲना मणि ह्यांचा भारतातील सौर प्रारणाच्या सामग्रीचा ग्रंथ १९८० साली प्रसिद्ध झाला. ती नोंदणी स्थिर उपकरणांची आहे. फिरत्या पटलाच्या प्रतलातील नोंद हे तिचे पुढचे पाऊल होय.

विभागाच्या गच्चीवर हा प्रयोग अल्प खर्चात होऊ शकतो. शेजारी शेजारी दोन लहान पटले ठेवावीत: एक केवळ गणिताने फिरणारे, दुसरे वरील योजनेप्रमाणे ढगाळ वेळी आडवे होणारे. दोहोंचे उत्पादन, आडव्या घटाचे वाचन आणि मोटरींनी खर्च केलेली वीज जूनपासून ऑक्टोबरपर्यंत नोंदवावी. आडवे करण्याची मर्यादा ०.३, ०.३५ व ०.४ अशी आळीपाळीने ठेवून पाहिल्यास एका पावसाळ्यात पुण्यापुरता ग्राह्य अंक हाती येईल. कोकणात आणि विदर्भात तो वेगळा निघण्याचा संभव आहे. जेथे शेतातील पंप अशाच पटलावर चालतो, तेथे श्रावणातील उघडीप आणि ढग ह्यांच्या आलटापालटीत किती पाणी मिळेल, हे ह्या अंकावर काही अंशी अवलंबून राहील. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी संवेदक अधिकाधिक सूक्ष्म करण्यापेक्षा ह्या मापनाकडे वळावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते.